लोझानाचा हेवा

त्या वर्षी पावसानं आमची थट्टाच केली. जुलैभर थेंब नाही, आणि मग असा कोसळला की तंबाखूची सगळी पानं एकदम तयार झाली. पान कुणासाठी थांबत नाही. आज तोडलं नाही तर उद्या रोपावरच पिवळं पडतं. म्हणून आमच्या गल्लीतल्या बायका उजाडायच्या आत शेतात, आणि ऊन चढलं की एकमेकींच्या अंगणात ओवायला. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. वेलिका आली त्या दिवशी पाळी स्पासेच्या घरची होती.

स्पासेचं आणि माझं अंगण एकाच भिंतीचं. मी त्रेना, विधवा बाई, तोंडानं फटकळ. गाव तसं म्हणतं आणि मी नाही म्हणत नाही. भिंतीपलीकडचं मला ऐकू येतं, त्याला मी काय करू? कान काही मी भाड्यानं आणले नाहीत.

आम्ही द्राक्षाच्या मांडवाखाली गोल करून बसलो होतो. मधे पानांचा ढीग, प्रत्येकीच्या मांडीवर हातभर लांब पोलादी सुई. पानाची शीर सुईवर टोचायची, सुई भरली की दोऱ्यावर ढकलायची, दोरा भरला की चौकटीवर उन्हात. हात चिकानं काळे कुळकुळीत. ओवण्यात गल्लीत पहिली म्हणजे लोझाना, स्पासेची बायको. तिचा हात चालू लागला की बघत बसावं, आणि तिला ते माहीत होतं. कुणी बघतंय का म्हणून ती मधूनच मान वर करायची.

तेवढ्यात फाटक वाजलं. हातात प्लास्टिकची पिशवी, आणि त्या उकाड्यात रुमाल कपाळावर इतका ओढलेला की एकच डोळा दिसत होता. स्पासेची धाकटी बहीण. टेकडीपलीकडच्या गावात नाउमला दिलेली.

"वेलिका?" स्पासेची आई, सेव्दाआजी, उठली. नवरा वसंतात गेला म्हणून ती पायापासून डोक्यापर्यंत काळ्यात होती. तिनं लेकीचा रुमाल वर केला आणि लगेच खाली सोडला. पण आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. डोळा जांभळा, सुजून बंद.

"पडलीस का गं?" आमच्यातली एक म्हणाली. आमच्या गावात बायका फार पडतात.

"पडले नाही," वेलिका म्हणाली. "मारलं. 'बाप मेला, आता वाटा घेऊन ये' म्हणाला. मी म्हटलं, भावाच्या ताटातलं मी ओढणार नाही. म्हणून मारलं."

स्पासे मागून चौकटी बांधता बांधता आला होता. त्यानं हे ऐकलं आणि त्याची छाती अशी फुगली, काय सांगू. "माझ्या जमिनीपायी मार खाल्लास? अगं वेडे! हे घर तुझंच आहे. राहा इथं. बघतो तो कसा फाटकाच्या आत पाय टाकतो ते!"

माझी नजर लोझानाकडे गेली. तिची सुई अर्धी भरून थांबली होती. तिला दया आली असेल असं मला वाटलं. दया कसली, बाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळावर हात धुताना तिनं सगळं ओकून टाकलं. कच्चा टोमॅटो चिरून हातावर चोळल्याशिवाय तंबाखूचा चीक जात नाही. लोझाना टोमॅटो असा चोळत होती की वाटावं कातडं काढतेय.

"सकाळी अंडं वन्संना," ती म्हणाली. "चिजचा मोठा तुकडा वन्संना. रात्री आई तिच्या पाठीला रकियाची दारू चोळतात. मी भिंतीपलीकडे पडलेली, ऐकतेय. 'दुखतंय का माझ्या बाळा? इथं दुखतंय का?' चाळिशीची घोडी, आणि म्हणे बाळा!"

"मार लागलाय गं तिला."

"आणि मला काय फुलं वाहिली होती का?" तिनं टोमॅटो नळाखाली आपटला. "त्रेनाताई, तुम्हाला आठवत नाही? लग्नाच्या पहिल्याच वर्षी? भाकरी करपली म्हणून?"

आठवत होतं. न आठवायला काय झालं? लोझाना तेव्हा चालत माहेरी गेली होती.

"माझ्या आईनं शेंगांची आमटी वाढली," लोझाना म्हणाली. "बाप काही बोलला नाही. भावानं जेवूही दिलं नाही धड, ट्रॅक्टर काढला. मला पाठीमागे बसवलं, शेजारी पिठाचं पोतं ठेवलं, आणि इथं आणून उतरवलं. आधी पोतं, मग मी. आणि आई काय म्हणाल्या माहितेय? याच, याच सेव्दाबाई! 'नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडं मागायची, सूनबाई?' आणि पोतं आत नेलं."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"तेव्हाचा स्पासे आणि आत्ताचा स्पासे वेगळा आहे का? ज्या हातानं मला मारलं तोच हात छातीवर आपटून सांगतोय, 'माझ्या बहिणीला हात लावतो म्हणजे काय!'" तिचा आवाज फाटला. "जळते मी. होय, जळते! रात्रभर झोप नाही. तिच्या पाठीला रकिया चोळतात आणि आग माझ्या पाठीची होते."

फटकळ असले तरी कुठं गप्प बसायचं ते मला कळतं.

त्यानंतर लोझानानं वेलिकाला छळायला सुरुवात केली. उघड काही नाही, असं तसं. ओवायला बसलं की वेलिकापुढे तळाची पानं ढकलायची, मातीनं भरलेली, फाटकी. तिला वाकडी सुई द्यायची. शेतात खाली वाकून तोडायची ओळ तिला, वरची सोपी ओळ आपल्याला. "तुमची पाठ काय, रोज मालिश होते," असं म्हणायची. बाकीच्या बायका हसायच्या. वेलिका मुकाट्यानं वाकायची. बरगड्या दुखत असणार, कारण उठताना ती गुडघ्यावर हात दाबून श्वास रोखायची.

आणि तरी वेलिका लोझानाच्या पुढे गेली! त्या अंगणात जन्मलेली पोर ती, चालता यायच्या आधी सुई धरलेली. वाकडी सुई तिनं दगडावर ठेवून टाचेनं सरळ केली, आणि लोझानाचा दोरा भरायच्या आत हिचा चौकटीवर लटकला. सेव्दाआजी म्हणाली, "हात असावा तर असा." एवढंच. लोझाना उठली, पाणी पिते म्हणाली, आणि आत जाऊन तिनं कशावर तरी लाथ मारल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा लंगडत होती.

*

मग शहरातून दोघी बायका आल्या. गावच्या सभागृहात बायकांच्या हक्कांवर बोलणार म्हणून त्यांनी आधी दवंडी दिली होती. खुर्च्या मांडल्या, बिस्किटं मांडली. तंबाखूच्या दिवसात सभागृहात कोण जातं? सरपंचसुद्धा आला नाही. तासभर रिकाम्या खुर्च्यांकडे बघून त्या बिचाऱ्या बिस्किटं घेऊन गल्लीत शिरल्या आणि मांडवाखाली आमच्यात येऊन बसल्या.

थोरली होती तिचं नाव अनेता. पांढरी पँट. मी म्हटलं, "बाई, उभ्यानंच बोला, चीक लागला तर पँट जन्मात पांढरी होणार नाही." ती हसली आणि बसली. पँट गेलीच.

तिनं आधी मारहाणीचं सांगितलं. मारणं हा गुन्हा आहे, घरातल्या माणसानं मारलं तरी गुन्हाच. पोलिसांनी यायला पाहिजे, मारणाऱ्याला घराबाहेर काढता येतं, बाईला नव्हे. "माराचं कारण काय ते कायदा विचारत नाही," ती म्हणाली.

"भाकरी करपली असली तरी?" लोझानानं विचारलं. सगळ्या हसल्या. ती हसत नव्हती.

"भाकरी करपली असली तरी."

"वीस वर्षांपूर्वी करपली असली तर?"

अनेता तिच्याकडे वळली. "आज कुणी मारतं का तुम्हाला?" तिनं हळूच विचारलं.

"आज मी भाकरी करपवत नाही," लोझाना म्हणाली आणि पान टोचलं.

मग वाट्याचा विषय निघाला. बाप गेला की घर आणि जमीन आईची, मुलाची आणि मुलीची सारखीच. वाटण्या होईपर्यंत तिघंही मालक. मुलगी भावाला सोडून देऊ शकते, पण तिच्या मनात असेल तर. कुणी सोडायला लावू शकत नाही.

"आमच्यात मागत नाहीत," सेव्दाआजी ठासून म्हणाली. "मागणारीला भाऊखाऊ म्हणतात. मी मागितला नाही, माझ्या आईनं मागितला नाही. भावाचं दार उघडं राहतं त्यानं."

वेलिकानं सुई मांडीवर ठेवली. "सारखा म्हणजे किती?" तिनं अनेताला विचारलं.

"तिघं असाल तर तिसरा हिस्सा. घरातसुद्धा."

वेलिकानं मान वळवली. नुसती घराकडे बघत होती. जणू कुणी नवं घर बांधून ठेवलंय आणि तिला आत्ता दिसतंय.

*

दुसऱ्या दिवशी जेवायला बसले असताना तिनं विषय काढला. मी भिंतीअलीकडे मिरच्या भाजत होते.

"दादा, मला माझा वाटा दे. नाउमला नाही, मला. खालची खोली, आणि वरचा द्राक्षमळा. परत जायचं नाही मला. इथं मी किती दिवस तुझ्या मेहेरबानीवर राहू?"

मग खुर्ची पडली.

"म्हणजे तो बरोबर होता!" स्पासे ओरडला. "त्याला नाही म्हणालीस आणि इथं येऊन तेच! मी तुला घरात घेतलं, आणि तू माझ्या घरात चोच मारतेस? गिधाडा!"

"आले त्या दिवशी तूच म्हणालास, हे घर तुझंच आहे."

"ते बोलायचं असतं!"

सेव्दाआजी रडायला लागली. लेकीसाठी की घरासाठी कोण जाणे. त्या रात्रीपासून पाठीची मालिश बंद. सकाळी अंडं नाही.

मी लोझानाला म्हटलं, "झालं ना मनासारखं? आता कुणी बाळा म्हणत नाही तिला."

"झालं की," ती म्हणाली. पण चेहरा असा, जणू ताटात गोड वाढलंय आणि तोंडात टाकल्यावर मीठ लागलंय. "चटणीभाकर खातेय आता कोपऱ्यात बसून. माझ्यासारखीच." आणि मग स्वतःवरच चिडून, "मला बरं का वाटत नाही मग, त्रेनाताई? वाटायला नको का?"

त्या दिवशी तिनं वेलिकापुढे तळाची पानं ढकलली नाहीत. सरळ सुईही दिली नाही म्हणा. एवढी काही ती पाघळली नव्हती.

रविवारी स्पासे टेकडीपलीकडे जाऊन आला. येताना रकियाचा वास येत होता आणि नजर कुणालाच देत नव्हता. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी शिजलंय.

सोमवारी नाउम आला. ओवणं जोरात चाललं होतं, मांडवाखाली गल्ली भरली होती. अंगावर स्वच्छ शर्ट, दाढी केलेली, आणि हातात रकियानं भरलेली लाकडाची चपटी सुरई, गळ्याला लाल दोरा. सगळ्यांच्या सुया थांबल्या. आमच्याकडे रुसून आलेल्या बायकोला न्यायला नवरा असाच येतो. सुरई घरच्या मालकाच्या हातात द्यायची. मालकानं घोट घेतला की झालं गेलं विसरायचं, बायकोनं पिशवी उचलायची आणि मागोमाग चालायचं. त्यानंतर गाव तिचं ऐकून घेत नाही. घोट घशाखाली गेला की सगळं गेलं.

"कसं काय मेव्हणे," नाउम मऊ आवाजात म्हणाला. हसणं कसं, लोण्यासारखं. "बायकांच्या डोक्यात शहरवाल्यांनी भरवलं काहीतरी. घरची गोष्ट घरात मिटवू."

"मिटवू," स्पासे म्हणाला आणि हात पुसत पुढे आला. वेलिकाकडे न बघताच म्हणाला, "ठरलंय आमचं. वाट्याचं नाव ती काढणार नाही. दाजी वरचा द्राक्षमळा कसतील. पिशवी भर, वेलिका."

वेलिका भिंतीला टेकून उभी राहिली. डोळ्याभोवतीचा जांभळा रंग आता हिरवट पिवळा झाला होता. "म्हणजे वाटा दिलास की, दादा," ती म्हणाली. "फक्त मला नाही दिलास. मला मारणाऱ्याला दिलास."

सेव्दाआजीनं काळा रुमाल तोंडात कोंबला होता. स्पासेनं सुरईचं बूच काढलं. मी बघत होते आणि माझी फटकळ जीभ टाळूला चिकटली होती. बायकोला नेताना आम्ही कुणी कधी मधे पडलो नाही. पडायचंच नसतं.

लोझाना उठली. मांडीवरची सुई खाली पडली, तिनं उचलली नाही. स्पासेच्या हातातून तिनं सुरई अशी काढून घेतली, जणू पोराच्या हातातलं कात्रीचं पातं.

"काय करतेस?"

"मालकानं प्यायचं ना?" लोझाना म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गल्लीच्या टोकाला ऐकू गेला असता. "मालक तीन आहेत या घरात. मी नाही, मी कुणीच नाही. पण आई आहेत, तुम्ही आहात, आणि ही आहे. तुम्ही एकट्यानं प्यालात तर घोट तिसऱ्या हिश्श्याचाच ठरतो. विचारा हिला."

आणि काळ्या चिकट हातांनी तिनं सुरई वेलिकापुढे धरली. "घ्या वन्सं. प्यायचं तर प्या. घर तुमचं."

नाउमचं हसणं ओघळलं. "मेव्हणे, तुमची बायको तुमच्या ताब्यात नाही का?"

"लोझाना," स्पासे दात दाबून म्हणाला, "तुला ही घरात नकोय ना? रोज कुढतेस. मग आता मधे कशाला येतेस?"

लोझाना वळली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की स्पासे पाऊलभर मागे सरला. "होय, कुढते!" ती म्हणाली. "तिचा जीव घ्यावासा वाटतो मला हेव्यानं! मला मारलं तेव्हा माझ्या भावानं हाच घोट घेतला होता, तुमच्याच हातून, याच अंगणात, पिठाच्या पोत्यासकट. कुणी विचारलं का, लोझाना, तू परत जातेस का? पण ती परत गेली ना, तर मग मी कुणाचा हेवा करू? मग सगळ्या सारख्याच. या घरात एक तरी बाई अशी राहू दे, जिच्याकडे बघून मी जळेन!"

वेलिकानं सुरई हातात घेतली. सगळ्यांना वाटलं आता ती पिते. प्यायली असती तर कुणी नावं ठेवली नसती; जगात जायला तिला दुसरी जागा नव्हती. तिनं भावाकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग बूच शोधलं, ते स्पासेच्या मुठीत होतं. तिनं हात पुढे केला. स्पासेनं कितीतरी वेळ दिलं नाही.

"दे तिला," सेव्दाआजी म्हणाली. रुमाल तोंडातून काढून, रडक्या आवाजात, पण म्हणाली. "दे रे. घोट माझापण आहे. मी नाही पीत."

वेलिकानं बूच दाबून बसवलं आणि सुरई नाउमच्या पायाशी ठेवली.

नाउमनं हात उचलला. अर्धाच उचलला, कारण तेवढ्यात मांडवाखालच्या सगळ्या बायका उठल्या होत्या. काही ठरवून नाही. एक उठली म्हणून दुसरी. प्रत्येकीच्या हातात हातभर पोलादी सुई. मीपण उठले, गुडघे कुरकुरत असतानासुद्धा. "पोलिसांना फोन करू का रे बाबा," मी म्हटलं, जीभ सुटली एकदाची, "का शर्ट स्वच्छ आहे तोवर जातोस?"

तो गेला. फाटकाबाहेर जाऊन शिव्या दिल्या, आमच्या आया-बहिणी काढल्या. जाताना सुरई उचलायला मात्र विसरला नाही.

*

गोष्ट इथं गोड झाली असं समजू नका. स्पासे आठवडाभर लोझानाशी बोलला नाही. वाटणीचं प्रकरण लांबलं, वकील करावा लागला, भांडणं झाली. शेवटी वेलिकाला खालची खोली मिळाली आणि मळ्याचा तुकडा. खोलीला तिनं आतून कडी बसवून घेतली. नाउम दोनदा फाटकापर्यंत आला, दुसऱ्यांदा पोलीसही आले. आणि लोझाना? सुधारली म्हणता? छे! वेलिकाच्या मळ्याला आधी पाणी दिलं म्हणून पाटाच्या काठावर त्या दोघी अशा भांडल्या की कुत्री पळाली.

पण पानं संपत आली होती त्या दिवसांतली गोष्ट. आम्ही दोघीच ओवत होतो, लोझाना आणि मी. वेलिका आपल्या खोलीच्या खिडकीला चुना लावत होती, गाणं म्हणत होती. लोझाना मान वर करून बघायची, तोंड वाकडं करायची, पुन्हा ओवायची. शेवटी दोरा बाजूला टाकून ती माझ्याकडे सरकली.

"त्रेनाताई."

"काय गं?"

"माझे वडील गेले त्याला चार वर्षं झाली. भावानं अजून सहीला बोलावलेलं नाही मला. त्याला वाटतं, विचारायचं काय, सोडणारच ही."

"मग?"

"त्या पांढऱ्या पँटवालीचा नंबर आहे का तुमच्याकडे?" तिनं विचारलं. खिडकीकडे बोट करून दात ओठ खात म्हणाली, "हिला खिडकी आणि मला काय? आम्हीही दोघंच आहोत भावंडं. आणि आई. तिसरा हिस्सा माझापण निघतो."